अकाउंट चोरीला गेलं तर तीही चोरीच, पैसे गेले नसले तरी

मा. संपादक साहेब,

सादर नमस्कार.

तुमच्या पेपरात रोज एक तरी सायबर फसवणुकीची बातमी असते, कुणाचे लाखो रुपये गेले, कुणाला डिजिटल अरेस्टची धमकी देऊन लुटलं, आणि त्या बातम्या छापायलाच पाहिजेत त्यात वाद नाही. पण एक प्रकार असा आहे की त्यात बरेचदा रुपयाही जात नाही म्हणून त्याची बातमी होत नाही, तक्रारही कोणी धड घेत नाही, आणि घरचं वातावरण मात्र पार नासून जातं. घरातल्या माणसाचं व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक नाहीतर इन्स्टा दुसऱ्याच कुणाच्या हातात जातं, तो हा प्रकार. आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात झाला, ओळखीतल्या आणखी घरांमध्ये झाला, आणि सगळीकडे पहिला प्रश्न एकच, पैसे गेले का? नाही म्हटलं की समोरच्याचा इंटरेस्टच संपतो. माझं म्हणणं इतकंच आहे की पैसे गेले नसले तरी ही चोरी आहे, कायद्यातही तो गुन्हा आहे, आणि तो तसाच लिहून घेतला पाहिजे.

माझ्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. माहेर नागपुरातल्या महाल भागातलं, त्यामुळे तिकडचं भजनी मंडळ, आमच्या लाईनीतल्या बायकांची भिशी, नात्यातले ग्रुप असं सगळं त्यांचं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. एका दुपारी मंडळातल्या जुन्या मैत्रिणीच्या नंबरवरून मेसेज आला की ताई माझा ६ आकडी कोड चुकून तुमच्या मोबाईलवर आला, जरा पाठवता का, अर्जंट आहे. फोटो मैत्रिणीचा, नंबर मैत्रिणीचा, आधीच्या गप्पाही त्याच चॅटमध्ये वर दिसत होत्या, त्यांनी कोड पाठवला. त्या मैत्रिणीचं अकाउंट आधीच चोरांकडे गेलेलं होतं हे त्यांना कसं कळणार बाप्पा? थोड्या वेळाने आईंचं व्हॉट्सअ‍ॅप आपोआप बंद झालं आणि नंबर टाका, नंबर टाका म्हणून विचारायला लागलं. त्यांना वाटलं रिचार्ज संपला असेल.

मग घरचे सगळे फोन वाजायला लागले. वर्ध्याहून नणंदेचा, मिस्टरांच्या ऑफिसमधल्या एकाचा, भिशीतल्या बायकांचे एकामागून एक, अगदी दूधवाल्याचा सुद्धा. सगळ्यांना आईंच्या नावाने मेसेज गेला होता की २५ हजार पाहिजेत, माझं गूगल पे चालत नाहीये, या नंबरवर टाका, संध्याकाळी परत करते. नणंदेला शंका आली कारण आई कधी टाइप करतच नाहीत, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, त्या माईकचं बटन दाबून बोलूनच पाठवतात, आणि हा मेसेज तर चांगला चार ओळींचा टाइप केलेला आणि तोही हिंदीत. तिने पैसे टाकायच्या आधी फोन केला आणि बाकीच्यांनाही सांगत सुटली म्हणून कुणाचेच पैसे गेले नाहीत.

पण भिशीचा विचार करा. भिशीत कागद नाही, सही नाही, आपल्यासारख्या बायका एकमेकींच्या शब्दावर दर महिन्याला पैसे देतात आणि आजकाल या महिन्याचे कुणाकडे पाठवायचे ते ग्रुपवरच ठरतं. त्या ग्रुपमध्ये आईंच्या नावाने एक चोर बसून होता, सगळ्यांचे नंबर त्याला दिसत होते. ज्या बाईच्या शब्दावर अख्खी लाईन पैसे देते तिचा शब्दच चोरून नेला त्याने, आणि आपण म्हणतो काही गेलं नाही. दोन बायका तर नंतर कितीतरी दिवस आईंना खोदून खोदून विचारत होत्या की खरंच तुम्ही नव्हत्या का हो, आणि त्या माउलीला प्रत्येक वेळी रडू यायचं.

आम्ही त्याच दिवशी एका पोलीस ठाण्यात गेलो. तिथे तोच प्रश्न, पैसे गेले का. नाही म्हटल्यावर, मग नंबर बदलून टाका, आणि घरच्याच कुणाचं काम असेल, पोट्ट्यांना विचारून पाहा. मला त्या हवालदारांवर वैयक्तिक राग नाही, त्यांच्याकडे कामाचा किती लोड असतो ते दिसतं. पण ते शेवटचं वाक्य घरी आलं नं, त्याने जे नुकसान केलं ते चोराने सुद्धा केलं नव्हतं.

कारण त्याच आठवड्यात अजून दोन गोष्टी झाल्या. मिस्टरांच्या नावाने दुसरं एक फेसबुक निघालं, तोच फोटो, तेच नाव, आणि त्यावरून लोकांना रिक्वेस्ट जाऊन राहिल्या. आणि मुलीच्या इन्स्टावर नोटिफिकेशन आलं की नवीन डिव्हाइसवरून लॉगिन झालं आहे. झालं, सगळ्यांची खात्री पटली की आपलं अख्खं घर हॅक झालं आहे, कोणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे आणि तो घरातलाच नाहीतर घराजवळचा आहे. वरच्या मजल्यावर किरायाने राहणाऱ्यांचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे, आमचं वायफाय त्यानेच लावून दिलं होतं, मग त्याच्यावर संशय. मुलीचा मोबाईल तिच्या वडिलांनी काढून घेतला, तुझ्याच कुठल्या मित्राचं काम असेल म्हणून, आणि पोरगी बारावीत, ती दोन दिवस जेवली नाही. वायफाय बंद, फोन वेगळ्या खोलीत ठेवून बोलायचं, भाच्याने दिवाळीत आजीचा मोबाईल हातात घेतला होता ते सुद्धा कुणालातरी आठवलं. मला हे सविस्तर यासाठी लिहावंसं वाटतं की अशा वेळी सुरुवातीचे तास सगळ्यात महत्त्वाचे असतात, आणि ते तास बहुतेक घरांमध्ये एकमेकांवर संशय घेण्यातच जातात.

मिहानमध्ये आयटी कंपनीत असलेली आमची एक भाची रविवारी आली आणि सगळ्यांचे मोबाईल समोर घेऊन बसली तेव्हा कळलं की हे तीन वेगवेगळे प्रकार होते, एकाचा दुसऱ्याशी संबंधच नव्हता, आणि किरायदाराच्या मुलाचा तर कशाशीच नव्हता. मिस्टर स्वतः वर जाऊन त्याच्याशी बोलून आले.

तिने जे समजावलं ते तुमच्या वाचकांना कामी येईल. आईंचं व्हॉट्सअ‍ॅप खरोखर चोरलं होतं, पण त्यासाठी त्यांच्या फोनमध्ये कोणीच शिरलं नव्हतं, चोराने आपल्या मोबाईलवर आईंचा नंबर टाकून व्हॉट्सअ‍ॅप चालू केलं आणि त्यासाठी लागणारा कोड आईंकडूनच मागून घेतला. अशा वेळी आपण आपल्या मोबाईलवर पुन्हा नंबर टाकायचा आणि एसएमएसवर आलेला नवीन कोड टाकायचा की चोर त्याच क्षणी बाहेर पडतो. त्याने मध्ये स्वतःचा पिन लावून ठेवला असला तर आपल्याला आत जायला ७ दिवस थांबावं लागतं, पण तो मात्र बाहेर गेलेला असतो, त्यामुळे घाबरायचं नाही. कधीकधी चोर मुद्दाम चुकीचे कोड टाकत बसतो, मग नवीन कोड यायला काही तास लागतात. आणि अशा पद्धतीने अकाउंट नेलं तर जुन्या चॅट त्याला वाचता येत नाहीत, त्या आपल्या मोबाईलमध्येच राहतात. हे ऐकल्यावर आईंचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला, कारण त्यांना सगळ्यात जास्त लाज याचीच वाटत होती की नणंदेशी केलेल्या घरगुती गोष्टी कुणी परक्याने वाचल्या.

याच्यापेक्षा वाईट प्रकार लिंक्ड डिव्हाइसचा आहे. कुणी क्यूआर कोड स्कॅन करायला लावला किंवा एखाद्या लिंकवर नंबर आणि कोड टाकायला लावला तर आपलं व्हॉट्सअ‍ॅप चालूच राहतं आणि तिकडे दुसऱ्या कॉम्प्युटरवरही चालू होतं, जुने मेसेज सुद्धा दिसतात आणि आपल्याला पत्ताच नसतो. सेटिंगमध्ये लिंक्ड डिव्हाइस उघडून अनोळखी काही दिसलं तर लॉग आउट करायचं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि टू स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावायचा, म्हणजे नव्या मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅप चालू करताना एसएमएसच्या कोडशिवाय आपला हा पिनही लागतो, जो घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मोबाईलवर मुलांनी बसून लावून द्यावा. लग्नाची पत्रिका नाहीतर आरटीओचं चालान म्हणून जी एपीके फाइल येते ती तर उघडायचीच नाही, कारण ती इन्स्टॉल करून परवानग्या दिल्या की ओटीपीचे एसएमएस सरळ चोराकडे जातात, मग कुणी कोड मागायचीही गरज उरत नाही.

मिस्टरांचं फेसबुक हॅक झालंच नव्हतं. त्यांचा फोटो आणि नाव उचलून कोणीतरी दुसरं प्रोफाइल बनवलं होतं, त्यांची फ्रेंडलिस्ट सगळ्यांना दिसत होती म्हणून तिथूनच लोकांना रिक्वेस्ट पाठवल्या. अशा वेळी पासवर्ड बदलून काही होत नाही, ते खोटं प्रोफाइल उघडून त्यावरून रिपोर्ट करावं लागतं, आणि मित्रांनाही करायला सांगावं लागतं. लोक मात्र आपल्या वॉलवर लिहितात, माझं अकाउंट हॅक झालं आहे, आणि मग समोरचा खऱ्या माणसालाच ब्लॉक करतो.

मुलीच्या इन्स्टात मात्र खरंच कोणीतरी शिरलं होतं, तिने तोच पासवर्ड एका दुसऱ्या साइटवरही ठेवला होता. लॉगिनच्या यादीत मुंबई दिसलं म्हणून आम्ही घाबरलो होतो, पण भाची म्हणाली की मोबाईल नेटवर जागा बरेचदा चुकीची दिसते, शहरापेक्षा मोबाईलचं मॉडेल पाहा, आणि खरंच एक असं मॉडेल होतं जे आमच्या घरात कुणाकडेच नाही. चोराने ईमेल बदलला की आपल्या जुन्या ईमेलवर इन्स्टाकडून मेल येतो, त्यातून तो बदल मागे घेता येतो. तो मेल वेळेत पाहिला म्हणून अकाउंट वाचलं, आणि वडिलांनी मुलीचा मोबाईल कपाटात कुलूप लावून ठेवला होता, जरा उशीर झाला असता तर ते गेलंच असतं. वयात आलेल्या मुलीच्या अकाउंटमध्ये फोटो असतात, मैत्रिणींशी केलेलं बोलणं असतं, तिला काय वाटत असेल याचा विचार घरच्यांनी आधी करावा, रागवायचं नंतर पाहता येतं.

आणि आता सगळ्यात काळजीची गोष्ट. हे सगळं तपासताना आईंचं जीमेल उघडलं तर रिकव्हरी नंबरच्या, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर अकाउंट परत मिळवायच्या नंबरच्या जागी एक अनोळखी मोबाईल नंबर. पुष्कळ डोकं खाजवल्यावर कळलं की मोबाईल घेतला त्या दुकानातल्या मुलाने नवीन जीमेल बनवून दिलं होतं आणि पटकन काम व्हावं म्हणून स्वतःचा नंबर टाकला होता. मोबाईलचा खोका अजून माळ्यावर होता, त्यावर स्केच पेनने मोठ्या अक्षरात जीमेल आणि खाली पासवर्ड लिहिलेला, आणि पासवर्ड म्हणजे आईंचं नाव आणि १२३. तो मुलगा चोर आहे असं मी अजिबात म्हणत नाही, त्याने मदतच केली होती, गर्दीच्या दुकानात म्हाताऱ्या माणसांना असंच करून देतात. पण जीमेलची चावी ज्याच्याकडे, त्याच्याकडे बाकीच्या अर्ध्या घराची चावी असते, कारण दुसरे पासवर्ड विसरले की नवीन तिथेच येतात. असे किती खोके नागपुरातल्या माळ्यांवर पडले असतील? मोबाईल दुकानदारांच्या संघटनांनी आपल्या लोकांना एवढं तरी सांगावं की गिऱ्हाईकाचं अकाउंट बनवताना त्याच्याच घरच्या माणसाचा नंबर टाका आणि पासवर्ड त्यालाच टाइप करू द्या.

तसंच जुन्या नंबरचं. बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या गिऱ्हाईकाला दिला जाऊ शकतो. आपण पोर्ट न करता नवीन सिम घेतो, जुनं फेकून देतो, आणि फेसबुकमध्ये तोच जुना नंबर तसाच राहतो, म्हणजे आपले कोड परक्याच्या मोबाईलवर जाऊ शकतात.

आता कायद्याचं, कारण पोलीस ठाण्यात नाही म्हणून सांगितलं तर माणसाला काहीतरी हातात पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६६ सी हे दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख फसवणुकीने वापरण्याबद्दल आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. कलम ६६ डी हे कॉम्प्युटर किंवा मोबाईल वापरून दुसरा माणूस असल्याचं भासवून फसवण्याबद्दल, शिक्षा तेवढीच. ६६ सी मध्ये पैसे गेलेच पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना तपासासाठी आधी कोर्टाची परवानगी लागत नाही, आणि त्याच कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे पोलीस निरीक्षक दर्जाचा अधिकारी तपास करू शकतो, म्हणजे फक्त सायबर ठाण्यातच जा असं म्हणून परत पाठवायचं कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यायचीच आहे, आणि ऑनलाइन माहिती दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करायची.

केंद्राचं सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे पोर्टल २०१९ पासून आहे. लोकांना वाटतं ते फक्त पैशांच्या तक्रारीसाठी आहे, पण त्यात सोशल मीडियाच्या गुन्ह्यांचा वेगळा भाग आहे, प्रोफाइल हॅक झालं किंवा खोटं प्रोफाइल बनवलं असे पर्यायही दिलेले आहेत. १९३० हा हेल्पलाइन नंबर मुख्यतः पैसे गेल्यावर लगेच लावायचा, जितक्या लवकर लावला तितकी पैसे थांबायची आशा जास्त.

आणि कंपन्या. आपल्या देशात इतके लोक यांचं अ‍ॅप वापरतात, पण अडचणीच्या वेळी मराठीत बोलायला एक माणूस मिळत नाही. मिस्टरांनी गूगलवर फेसबुकचा कस्टमर केअर नंबर शोधला, एक नंबर सापडला, उचलणारा माणूस इतका गोड बोलत होता की विचारू नका, आणि म्हणाला मोबाईलवर एक अ‍ॅप टाका, मी इथूनच सगळं नीट करून देतो. भाचीने त्यांच्या हातातून फोन घेऊन कट केला. असे नंबर बहुतेक खोटेच असतात, आपली स्क्रीन त्याला दिसली की मग बँक सुद्धा दिसते, आधीच घाबरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुटायचा हा धंदा आहे. फेसबुक आणि इन्स्टासाठी त्यांच्याच साइटच्या पत्त्यात डॉट कॉमनंतर स्लॅश लावून इंग्रजीत हॅक्ड असं टाइप केलं की योग्य पान उघडतं, तिथूनच करायचं. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे या कंपन्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि ७ दिवसांत निकाल लावायचा आहे (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत १५ दिवसांची होती), आणि आपल्या नावाने खोटं प्रोफाइल बनवलं किंवा खासगी फोटो टाकले असतील तर २ तासांत कारवाई करायची आहे. ऐकलं नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं, २०२३ पासून ही सोय आहे. नियम चांगले आहेत पण सगळं इंग्रजी फॉर्ममध्ये, आमच्या आईंनी तो फॉर्म कसा भरायचा?

साहेब, माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. शहरातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात अकाउंट चोरीची तक्रार, पैसे गेले असोत नसोत, लिहून घेऊन पोच द्यावी, कारण उद्या त्या अकाउंटवरून दुसऱ्याला फसवलं तर आपण आधीच कळवलं होतं हे दाखवायला कागद लागतो. ठाण्याच्या दाराशी मराठीत एक बोर्ड लावावा, काय घेऊन यायचं, स्क्रीनशॉट कसे काढायचे, पोर्टलवर कुठे क्लिक करायचं. आणि घरच्याच कुणाचं काम असेल, पोट्ट्यांना विचारा, हे वाक्य तपास न करता कुणीही कुणाला सांगू नये, मी हात जोडून सांगते.

तुमच्या पेपरने आठवड्यातून एकदा एक चौकोन यासाठी द्यावा, म्हाताऱ्या माणसांना वाचता येईल अशा अक्षरात, कोड कोणालाही द्यायचा नाही मग तो सख्ख्या बहिणीने मागितला तरी, आधी फोन करून आवाज ऐकायचा. गणेशोत्सवात मंडळांच्या मंडपात आरतीनंतर दोन मिनिटं कोणी हे सांगितलं तर आमच्या आईंसारख्या कितीतरी बायका तिथेच बसलेल्या असतात, त्यांच्यापर्यंत दुसऱ्या कुठल्याच मार्गाने हे पोचत नाही.

पत्र छापलं तर माझं नाव टाकू नये ही विनंती, आईंना अजून कुणी त्याबद्दल विचारलेलं सहन होत नाही. १९३० आणि पोर्टलचं नाव मात्र ठळक टाइपात छापावं.

आपली,
एक वाचक,
दक्षिण नागपूर